मोजक्यांतली एक

संत्र्याच्या धंद्यात माणूस एक गोष्ट लवकर शिकतो, ती म्हणजे माल कोणासाठी थांबत नाही. सकाळी डोळ्यांत भरणारा ढीग दोन उन्हं खाऊन मऊ पडतो, आणि मग त्याला गाईसुद्धा हुंगून सोडून देतात. नागपूरच्या संत्रा मार्केटात चंपतराव लांजेवारांचं अडत दुकान होतं. आंबिया बहार आला की आंबियाचा लिलाव, मृग बहार आला की मृगाचा, असे वर्षाला दोन हंगाम. सगळं आयुष्य फळ सडायच्या आत ते दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात चाललं होतं. त्यामुळेच असेल, त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. एकदा तरी असा माल घ्यायचा जो सडत नाही, उलट पडून पडून महाग होतो.

आता असा माल म्हणजे जमीन, हे रस्त्यावरचा कोणीही सांगेल. आणि गंमत अशी की जमीन त्यांच्या घरातच होती. प्रताप नगरात एक प्लॉट होता, बायकोच्या, सत्यवतीबाईंच्या नावावर. माहेरच्या पाटल्या मोडून त्यांनी तो घेतला होता. तेव्हा तिकडं वस्ती अशी नव्हतीच. चार घरं आणि बाकी तरोट्याच्या तणाचं रान. पण जी बाई महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करत होती, घरमालकिणीच्या मर्जीनं नळाचं पाणी भरत होती, वाळवण घालायला दुसऱ्याच्या गच्चीची परवानगी मागत होती, तिला ते तरोट्याचं रानही पुरे होतं. तिथं घर व्हावं आणि लेकीच्या, शामलाच्या लग्नाचा मांडव आपल्या दारात पडावा, एवढं एकच मागणं तिनं नवऱ्याकडं केलं होतं. चंपतराव म्हणत, "बांधू ना वं. यंदाचा बहार चांगला येऊ दे." बहार चांगला आला की म्हणत, "पुढच्या साली नक्की."

एकाहत्तर साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका राजेसाहेबांच्या बंगल्यातून सामान बाहेर पडू लागलं. झुंबरं गेली, गालिचे गेले, भिंतीवरची वाघाची मुंडकी गेली. या राजेसाहेबांच्या बागेतली संत्री चंपतरावांच्या दुकानात येत, म्हणून त्यांची बंगल्यावर ये-जा होती. एक दिवस तिथल्या कारभाऱ्यांनी त्यांना मागच्या गॅरेजात नेलं आणि ताडपत्री ओढली.

गाडी विलायती होती. दोनच दारं, वर टप नाही, पुढचं नाक लांबलचक, रंग गडद हिरवा. शर्यतीसाठी बनवलेली. कंपनीचं नाव चंपतरावांना शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, आणि त्यानं काही अडलंही नाही.

"कंपनीनं मोजक्याच काढल्या या," कारभारी म्हणाले, "आणि साचा मोडून टाकला. हा पाहा, पितळी पट्टीवर हिचा नंबर. पुन्हा दुनियेत अशी गाडी होणार नाही, चंपतराव."

साचा मोडला, हे शब्द चंपतरावांच्या काळजात जाऊन बसले. ज्याला दुसरा बहार नाही असा माल त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला होता. परतीच्या वाटेवर सायकल रिक्षात बसून त्यांनी हिशेबही करून टाकला. आज प्लॉटच्या किमतीत गाडी येते. उद्या गाडीच्या किमतीत बंगला येईल. शेखचिल्लीनंसुद्धा इतक्या झटपट इमले बांधले नसतील.

त्यांचे जुने दोस्त नत्थूजी मालट्रकवाले. कॉटन मार्केटजवळ त्यांचं गोदाम होतं आणि गाडी ठेवायची तर तिथंच, कारण महालातल्या गल्लीत हातगाडी शिरली तरी लोक भिंतीला पाठ लावून उभे राहत. नत्थूजी गाडी पाहून आले, भोवती दोन फेऱ्या मारल्या, तंबाखू मळली.

"माल एक नंबर आहे," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक कोठी आहे गा?"

"येईन ना गिऱ्हाईक. मोजक्याच आहेत दुनियेत."

"दोन तोंडाचं वासरूबी मोजकंच असते, चंपतराव. बाजारात कोण घेते त्याले?"

चंपतराव हसले आणि त्यांनी बोलणं उडवून लावलं. रोज सकाळी लिलावात शेतकऱ्यांना हाच माणूस सांगायचा, की बाबा, तुझी संत्री कितीही गोड असू दे, भाव माल करत नाही, गिऱ्हाईक करते. दुसऱ्याला शिकवताना तोंडपाठ असलेलं शहाणपण स्वतःवर वेळ आली की नेमकं कुठं जातं, ते देव जाणे.

घरी त्यांनी गोष्ट काढली तेव्हा सत्यवतीबाई तांदूळ निवडत होत्या.

"प्लॉट विकून गाडी?"

"गाडी नोको म्हणू तिले. ठेव आहे ठेव. पाच-सात वर्सांत एका प्लॉटचे तीन करून देतो तुले."

"मले तीन कायले पाह्यजे? एकच बहुत होता."

"तुले धंद्यातलं समजत नाही वं."

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. भांडणारी बाई नव्हती ती, आणि तिथंच घात झाला. आदळआपट झाली असती, चार दिवस चूल पेटली नसती, माहेरचं कोणी येऊन चंपतरावांना चार शब्द सुनावून गेलं असतं, तर कदाचित ते खूळ उतरलंही असतं. पण त्या रजिस्ट्रीच्या कचेरीत गेल्या, दाखवलं तिथं सही केली, आणि नळाची वेळ झाली म्हणून घाईनं घरी आल्या.

गाडी नत्थूजींच्या गोदामात येऊन उभी राहिली. दर दसऱ्याला चंपतराव तिला झेंडूचा हार घालत, चाकांखाली लिंबं ठेवत, आणि सत्यवतीबाई तिच्या लांब नाकावर कुंकवाचं बोट लावत. बाकी वर्षभर ती ताडपत्रीखाली. चालवली की झिजते आणि झिजली की भाव उतरतो, असं चंपतरावांचं शास्त्र होतं. आल्यागेल्याला मात्र ते हौसेनं दाखवायचे आणि साचा मोडल्याची गोष्ट सांगायचे. लोक ऐकायचे, वा वा म्हणायचे, आणि निघताना हमखास विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?"

हा प्रश्न पुढे फारच बोचू लागला. चौऱ्याहत्तर साल उजाडलं तेव्हा पेट्रोलचे भाव असे चढले होते, की भलेभले मोटारवाले सायकलीला हवा भरू लागले. आणि नेमकं त्याच वर्षी पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. सावनेरचे भैय्याजी, कोळशाच्या वाहतुकीचे ठेकेदार. अंगठ्यांनी भरलेला हात त्यांनी गाडीच्या दारावरून फिरवला, आत बसून पाहिलं. गाडी त्यांना आवडली होती, हे चंपतरावांच्या धंद्यात मुरलेल्या नजरेला लगेच कळलं.

"गाडी झकास आहे," भैय्याजी म्हणाले. "पण हे पेट्रोल पिणारं जनावर कोण पोसन? अन् सावनेरच्या रस्त्यानं उघड्या गाडीत गेलो तं माणूस नाही, कोळसाच उतरन खाली. डिझेल इंजिन बसवा, वर पक्का टप टाका. मंग बोलू."

झालं. चंपतरावांच्या रक्तात अडत होती. माल भरायचा तो गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं पाहून, हे त्यांनी बापाकडून शिकलेलं. दिल्लीचं गिऱ्हाईक असलं की मोठं फळ वरच्या थराला, कलकत्त्याचं असलं की लाल रंगाचं वर, आणि फळावर धूळ असली तर फडक्यानं पुसून चमकवायचं. त्यात लबाडी काही नव्हती. तशीच रीत होती. त्याच रीतीनं त्यांनी गाडी बळीराम मिस्त्रीच्या हवाली केली.

बळीरामनं जुनं इंजिन साखळीनं वर ओढून काढलं. त्याच्या जागी एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. ते उंच पडलं आणि बॉनेट लागेना, तेव्हा बॉनेट कापून वर पत्र्याचं टेंगूळ आणलं. वर पत्र्याचा टप वेल्डिंगनं पक्का बसवला. हिरवा रंग त्यात जागोजाग जळाला, म्हणून सगळी गाडी पांढरी केली, कारण नागपूरच्या उन्हात पांढराच रंग बरा. जुनं इंजिन गॅरेजाबाहेर बरेच दिवस पडून होतं. बळीराम म्हणाला, "याचं काय करू, साहेब? जागा अडवून राहिलं." चंपतराव म्हणाले, "देऊन टाक भंगारात." भंगारवाल्यानं ते लोखंडाच्या भावानं मोजून नेलं, आणि चंपतरावांना तेवढ्यातही फायदा झाल्यासारखं वाटलं.

गाडी तयार झाली तोवर भैय्याजींना कामठीला मिलिटरीच्या लिलावात जीप मिळाली होती. ते आले, टेंगूळ पाहून हसले, चहा पिऊन निघून गेले. चंपतरावांना वाईट वाटलं, पण फार नाही. आता तर गाडी सर्वगुणसंपन्न झाली, असं ते स्वतःला सांगत होते. मोजकी ती मोजकी, आणि वर ॲव्हरेजही चांगलं देते.

पुढं शामलाचं लग्न ठरलं. लग्न मंगल कार्यालयात झालं. संध्याकाळी पाहुण्यांच्या शेवटच्या पंगती उठायच्या आतच कार्यालयाची माणसं खुर्च्या मिटू लागली, कारण दुसऱ्या दिवशीचं वऱ्हाड दारात येऊन थांबलं होतं. सत्यवतीबाई लेकीची ओटी भरत होत्या. कोणीतरी म्हणालं, "बाई, जरा बाजूला व्हा, सतरंजी काढायची आहे." त्या बाजूला झाल्या आणि उभ्याउभ्याच त्यांनी ओटी भरली. चंपतरावांनी ते पाहिलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच्या उद्या गाडी विकतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण विकायला आधी घेणारा लागतो. मधल्या काळात प्रताप नगरात घरं उठली, दुकानं आली, सिटी बस जाऊ लागली. जमिनीचे भाव ऐकून मार्केटातले लोक तोंडात बोट घालायचे, तेव्हा चंपतराव काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. त्या बाजूचा रस्ता तर त्यांनी कायमचाच सोडला होता.

आणि पंच्याऐंशी साली, आशा सोडून दिल्यावर, इंदूरहून मुजुमदार नावाचे गृहस्थ आले. जुन्या विलायती गाड्या गोळा करणं हाच त्यांचा छंद. राजेसाहेबांच्या कारभाऱ्यांना हुडकून, त्यांच्याकडून पत्ता घेऊन ते चंपतरावांच्या दुकानी येऊन थडकले होते. या नंबराची गाडी आपण कित्येक वर्षं शोधतो आहोत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा चंपतरावांच्या हातातली संत्री खाली घरंगळली. त्यांनी ताबडतोब माणूस पाठवून सत्यवतीबाईंना गोदामात बोलावून घेतलं. एवढ्या वर्षांनी त्यांचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि ते तिच्यासमोर ठरायला हवं होतं. सत्यवतीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. लक्ष्मी यायची होती, एवढंच त्यांना कळलं होतं.

ताडपत्री निघाली. मुजुमदार पांढऱ्या रंगाकडं पाहून थबकले, टपाकडं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. वाकून आत पाहिलं. पितळी पट्टी जागेवर होती. त्यांनी खिशातला रुमाल काढून ती पुसली आणि नंबर हलक्या आवाजात वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"रंग उतरवता येईल," ते म्हणाले. "टपही कापता येईल. इंजिन तेवढं दाखवा."

चंपतराव याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी मोठ्या डौलानं टेंगळासकट बॉनेट उचललं.

"नवीन टाकलं. डिझेल. बैलगाडीच्या खर्चात चालते पाहा."

मुजुमदारांनी वाकून इंजिनाच्या मागं, खाली पाहिलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि हिचं? हिचं स्वतःचं कुठं आहे?"

"ते भंगारात दिलं."

मुजुमदार शेजारच्या रिकाम्या पेटीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते सज्जन होते आणि सज्जन माणूस दुःखी झाला की समोरच्याला पळायला जागा उरत नाही.

"चंपतराव," ते म्हणाले, "हिच्या जातीच्या ज्या गाड्या अजून आपल्या इंजिनासकट आहेत ना, त्यातली एकेक आज एका बंगल्याच्या मोलाची आहे. तुमचा अंदाज चुकला नव्हता हो. तुम्ही नुसती ताडपत्रीखाली ठेवली असती तरी पुष्कळ होतं."

चंपतरावांना एवढी वर्षं एकच भीती होती, की नत्थूजीचं म्हणणं खरं ठरेल आणि आपला अंदाज चुकीचा निघेल. अंदाज बरोबर होता, माल बरोबर होता, गिऱ्हाईकसुद्धा इंदूरहून चालत आलं होतं. सगळं नासवलं ते आपल्या हातांनी, आणि तेही मालाचं भलं करतो आहोत अशा समजुतीनं. याहून वाईट काय असतं.

मुजुमदारांनी निघताना स्टिअरिंग आणि पुढचे दोन दिवे विकत मागितले. चंपतराव मान हलवून नाही म्हणाले. गोदामात दोघंच उरली. आता ती बोलेल, असं त्यांना वाटलं. बोलावं, असंही वाटलं. चौदा वर्षांचं साचलेलं सगळं तिनं आज बाहेर काढलं असतं तर ते खाली मान घालून ऐकून घेणार होते.

सत्यवतीबाईंनी विचारलं, "ही चालते का?"

"चालते. दर दसऱ्याले चालू करतो ना मी."

"मंग प्रताप नगरले नेता का मले? एकडाव पाहून येतो."

नाही म्हणायला चंपतरावांना तोंडच उरलं नव्हतं. त्यांनी गाडी काढली. लोहापुलाखालून, अजनीच्या चौकातून ती शर्यतीची गाडी टेम्पोच्या आवाजात धडधडत निघाली. सत्यवतीबाई तिच्यात पहिल्यांदाच बसल्या होत्या आणि पदर डोक्यावरून घट्ट धरून समोर पाहत होत्या. प्रताप नगरात चंपतरावांना काहीच ओळखू येईना. त्याच सांगत गेल्या, इथून वळा, आता सरळ, थांबा. गाडी थांबली ती एका दुमजली घरासमोर. दाराशी तुळस, फाटकावर मधुमालती, गच्चीवर कुरडया वाळत होत्या.

आवाज ऐकून एक बाई बाहेर आली. आपण कुसुमताई, असं तिनं सांगितलं, आणि विचारलं, "कोणाले भेटायचं होतं?"

"कोणाले नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या. "गाडी तापली, म्हणून थांबलो."

कुसुमताई मोकळ्या स्वभावाची होती. तिनं पाणी आणलं, गाडीचं कौतुक केलं, आणि बाई एवढ्या लांबून आल्यात, तर घर पाहून जा म्हणाली. सत्यवतीबाई उतरून आत गेल्या. चंपतराव गाडीतच बसून राहिले. उघड्या खिडक्यांतून कुसुमताईचा आवाज एकेका खोलीतून पुढं सरकत होता. हे देवघर, ही पोरांची खोली, हा जिना. ऐकू येऊ नये असं त्यांना फार वाटत होतं, पण सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"प्लॉट आमाले मोक्याचा भेटला," कुसुमताई जिन्यावरून सांगत होती. "ज्यांचा होता त्यांले म्हणे गाडी घ्यायची होती. गाडीसाठी कोणी जागा विकते का, सांगा बरं?"

"असतात हौशी लोक," सत्यवतीबाईंचा आवाज आला. "कोणाचं काही असते, कोणाचं काही."

त्या परत येऊन बसल्या. चंपतरावांनी गाडी वळवली. कोपरा ओलांडल्यावर सत्यवतीबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघराची खिडकी तिनं पश्चिमेले काढली. दुपारचं ऊन सारं चुलीवर येते. मी पूर्वेले काढली होती."

चंपतरावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागच्या स्कूटरवाल्यानं शिवी हासडली. मी काढली होती, असं ती म्हणाली होती. काढणार होते, असं नाही. म्हणजे घर बांधून झालं होतं. नळावर रांगेत उभ्या राहून, दुसऱ्याच्या गच्चीवर वाळवण घालून, रात्रीची भांडी घासून, तिनं ते कधीच पुरं केलं होतं, आणि त्यांना त्यातली एक वीटही ठाऊक नव्हती.

त्यांना क्षमा मागायची होती. पण असलं काही बोलायची त्या घरात रीतच नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "अन् देवघर?"

सत्यवतीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्या सांगू लागल्या. देवघर ईशान्येला. बाहेर ओसरी, आल्यागेल्याला टेकायला. शामला माहेरी आली की तिला मागची खोली, कारण पोरं झोपतात तिथं रस्त्याचा आवाज नको. इंजिनाच्या धडधडीत निम्मं ऐकू येत नव्हतं, म्हणून चंपतरावांनी वेग उतरवला, आणखी उतरवला. वर्धा रोडवर मालानं लादलेले हातगाडीवालेसुद्धा त्यांना मागं टाकून पुढं गेले. शर्यतीसाठी जन्मलेली ती गाडी आजवर इतक्या सावकाश कोणीच चालवली नसेल.

कॉटन मार्केट आलं तेव्हा सत्यवतीबाई घर सांगता सांगता जिन्यापाशी पोचल्या होत्या. चंपतराव गोदामासमोर न थांबता म्हणाले, "अजून एक चक्कर मारतो. तू सांग. वर गच्चीवर काय?"

"राहू द्या आता," सत्यवतीबाई म्हणाल्या. "उतरवा मले इथीच. नळाची वेळ झाली."